९९,९९१ आणि माझा उडालेला रंग

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, कुरखेड्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेचा. डोमा सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं. दर उन्हाळ्यात वामनराव गुरुजी जुन्या सेलमधली काळी भुकटी कालवून मला माखायचे. पुढे त्यांच्यामागे कामं वाढली आणि ते राहून गेलं. माझ्या उजव्या कडेचा रंग उडाला. तिथे खडू उमटेना.

१९९७ साली मंगली सातवीत होती. आमच्याकडे त्यापुढचा वर्गच नव्हता. चंद्रपूरच्या एका निवासी शाळेत एकच जागा होती आणि तिच्यासाठी तोंडी परीक्षा घ्यायला परीक्षक आले होते. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "९९,९९१ ला एक आणि ती संख्या सोडून आणखी कशाने भाग जातो का?"

"नाई जी. मूळ संख्या आहे थे," मंगली म्हणाली.

परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. "इथे तर 'जातो' असं छापलं आहे. चार वाजता माझी जीप निघेल. तोवर सिद्ध करून दाखव."

दोन तास होते. मंगलीने खडू उचलला. दोन, तीन, पाच, सात... एकेका मूळ संख्येने ती भागत गेली, बाकी लिहीत गेली, पुसत गेली. गुरुजी दाराशी उभे होते. त्यांना बोलायची परवानगी नव्हती.

एकशे एकची पाळी आली. एकशे एक गुणिले नऊशे नव्वद म्हणजे ९९,९९०. बाकी एक. तो एक नेमका माझ्या उडालेल्या रंगावर पडला आणि दिसेनासा झाला.

"काही उरलं नाही. भाग गेला," परीक्षक खुर्चीतूनच म्हणाले आणि लिहायला लागले.

मंगलीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तो एक दिसेना. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण फळ्याला कुठे तोंड असतं?

"एक डाव पुन्हा करतो जी," ती हळूच म्हणाली. या वेळी तिने डाव्या बाजूला, ठसठशीत लिहिलं: बाकी १.

परीक्षक उठून जवळ आले. उडालेल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग कागदावर लिहिलेलं खोडलं. "पुढे कर."

वेळ सरत होता. तीनशे तेराला बाकी एकशे चव्वेचाळीस उरली, तेव्हा बाहेर जीपचा भोंगा वाजला. मंगली थांबली.

"पुढच्या संख्या?" परीक्षकांनी विचारलं.

"गरज नाई जी. पुढच्या मूळ संख्येले, तीनशे सतराले, तीनशे सतराने गुणलं तं लाखाच्या वर जाते. मोठा भाजक असन, तं त्याचा जोडीदार लहान असनच. लहान सारे पाहून झाले."

परीक्षकांनी कागदाच्या कडेला तो गुणाकार करून पाहिला. मग त्यांनी छापलेलं उत्तर खोडलं आणि शेजारी सही केली. जूनमध्ये मंगली चंद्रपूरला गेली.

आता वर्गात हिरवा फळा आला आहे आणि मी खिचडीच्या खोलीत सरपणाला आडोसा म्हणून उभा आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, फळा वेळच्या वेळी काळा करा. आणि एखाद्या मुलीचं उत्तर लांबून चुकलेलं वाटलं, तर आधी खुर्चीतून उठून फळ्याजवळ या.