थोरल्या टेकाडाला टेकलेलं घर

आमच्या घराला भिंती तीनच होत्या. चौथी राजाची. म्हणजे मागे जे गवताळ टेकाड होतं, त्याच्या पोटालाच घर टेकवून बांधलं होतं. आत कुणी राजा नाहीतर राणी पुरलेली आहे, पंधराशे वर्षांपूर्वीची, हे कोरियातल्या आमच्या ग्योंगजू गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्याचं अप्रूप कुणाला? अशी टेकाडं गावभर होती आणि आमच्या गल्ल्या त्यांना वळसे घालत जायच्या. आई उतारावर लाल मिरच्या वाळत घालायची. हिवाळ्यात आम्ही पोरं पेंढ्याचं पोतं बुडाखाली घेऊन माथ्यावरून घसरायचो, आणि शेजारची म्हातारी ओरडायची, "मेल्यांनो, राजाच्या टाळक्यावर नाचताय! उठून कान उपटेल एकेकाचे!"

शरदाच्या पुनवेला तांदळाच्या करंज्या वाफवल्या की पहिला वाटा टेकाडाला जायचा. वडील आईला चिडवायचे, "तुझा सासरा लागतो का गं तो?"

"शेजारी आहे," आई म्हणायची. "भांडत नाही, उसनं मागत नाही. असा दुसरा दाखवा गावात."

पुढे सरकारने ती वस्ती उठवली. आम्हाला नदीपलीकडे चौथ्या मजल्यावर घर मिळालं, चार सरळसोट भिंतींचं. लोक म्हणतात, नशीब काढलंत. काढलं असेल. मला मात्र अजून पाठीशी ती मातीची ऊब हवीशी वाटते, आणि ती नसली की चिडचिड होते.

गेल्या वसंतात कळलं की आमच्या टेकाडाचं उत्खनन सुरू झालंय. मी जेवताना आईला सहज सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला.

"स्वयंपाकघरामागचा कोपराही खणणार?"

"सगळंच खणणार. का?"

"तिथे मिओक आहे."

मिओक माझी धाकटी बहीण. तान्ही असतानाच गोवराने गेली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. एवढ्याशा पोरांना आमच्यात थडगं नसायचं, श्राद्ध नसायचं. बाप कुठेतरी डोंगरात पुरून यायचा आणि आईला जागा सांगायचा नाही, म्हणजे तिने तिथे जाऊन रडत बसू नये. मिओकचंही तसंच झालं असं मी जन्मभर धरून चालले होते. पण आईने वडिलांना डोंगराकडे जाऊच दिलं नव्हतं. किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, रिकाम्या रांजणात तिला ठेवून स्वतःच्या हाताने टेकाडाच्या पायथ्याशी पुरलं होतं. आणि नव्वदीला आली तरी तोंडातून अवाक्षर नाही!

"त्यांना काय कळणार, बुन्रे," आई म्हणाली. "जुना रांजण म्हणून फेकून देतील माझ्या पोरीला."

सकाळी तिला घेऊन गेले. कुंपणापाशी रखवालदार आडवा आला. मी त्याला झाडलंच. "आमच्याच स्वयंपाकघरात जायला तुझी परवानगी काढू होय रे?" आरडाओरडा ऐकून आतून एक तरुण बाई आली, गुडघ्यांपर्यंत चिखल. तिने नाव सांगितलं, प्यो. खोदकाम तिच्याच हाताखाली चाललेलं.

आईने आडपडदा ठेवला नाही. "माझी लेक आहे आत. स्वयंपाकघरामागे."

प्योबाईंचा चेहरा उतरला. "आजी, तो कोपरा उघडला आम्ही."

आई तिथेच मातीत बसली. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

"फेकलं नाही काही," प्योबाई घाईघाईने म्हणाल्या. "या, दाखवते."

टेकाडाच्या पायथ्याला दगडांचं मोठं कडं निघालं होतं. लहानपणी त्याचाच एखादा दगड वर डोकावायचा आणि आम्हाला ठेच लागायची. कड्यालगत दोन करडी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली होती. "यात लहान मूल पुरलंय, राजाच्या काळातलं," प्योबाई सांगू लागल्या. "राजांचे सोन्याचे मुकुट सगळेच बघायला येतात, आजी. पण त्या माणसांनी आपल्या मुलांचं काय केलं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. ते इथे पायथ्याशीच कळतं, म्हणून आम्ही चमच्या-चमच्याने माती काढतो."

आणि त्या मडक्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, आमचा तपकिरी रांजण होता. झाकण तारेने बांधलेलं.

"असले रांजण इथे खूप निघाले. सगळे उभे. किमची मुरायला रांजण जमिनीत उभाच पुरतात, आडवा कुणी पुरत नाही," प्योबाई म्हणाल्या. "हा आडवा होता, अगदी या मडक्यांसारखा. म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही आडवा का ठेवलात, आजी? कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार?" आई म्हणाली. "पोराला कुणी उभं निजवतं का?"

प्योबाईंनी रांजणाच्या झाकणावरची माती बोटाने पुसली. मग हळूच म्हणाल्या की कागदपत्रं झाली की मिओकला आम्ही नेऊ शकतो.

आईने मान डोलावली, पण तिचं लक्ष त्या मडक्यांकडे होतं. "हिचं वय काय?"

"पंधराशे वर्षं तरी..."

"तसं नाही गं बाई. गेली तेव्हा केवढी होती?"

"हाडं विरली. दात तेवढे राहिलेत. दीड-दोन वर्षांचं मूल असेल."

"म्हणजे चालत असेल," आई म्हणाली. "बोलत असेल थोडंथोडं. आमच्या मिओकला दात यायचे होते अजून."

ती वाकली. करड्या मडक्यावर तिने अलगद हात ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं. इतकी वर्षं कोंडलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहत होतं.

"बुन्रे," ती म्हणाली, "ही ताई होती गं तिला."