सूपभर कोंडा

सुमंतरावांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला; जणू कानांनी केलेल्या चुकीचा दोष काचांचाच होता.

“मी पुन्हा विचारते,” डॉक्टर अंजुम म्हणाल्या. “केदार आणि मनवा लग्नाआधी एकमेकांच्या नात्यात होते का? आते-मामे, मावस, काहीही?”

केदारच्या मांडीवर ओंकार बसला होता. चार वर्षांचा झाला तरी पोर कशाला तरी धरल्याशिवाय उभं राहत नव्हतं, आणि गेल्या दिवाळीपासून धरूनही राहीना. म्हणून रक्ताची ती नवी जनुकीय तपासणी, आणि म्हणूनच आज सोनईहून नगरला या सगळ्यांची वरात. केदारने ‘तुम्ही कशाला बाबा’ म्हणून पाहिलं होतं, पण घरात कुणाला साधी शिंक आली तरी सुमंतरावांना तिथे हजर राहावंच लागे.

“तुमच्यात असेल तसं,” ते म्हणाले. “आमच्याकडे पाहून-सवरून करतात. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, पंचक्रोशीच्या पत्रिका जुळवल्या. या दोघांचं गोत्र वेगळं, नाडी वेगळी, गुण उत्तम जुळलेले. माझ्या हातून झालेलं लग्न आहे हे.”

केदारने मान खाली घातली. डॉक्टर अंजुमना राग आलेला दिसला नाही. असल्या बोलण्याची त्यांना सवय असावी, आणि तीच गोष्ट केदारला जास्त लागली.

“काका, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. ओंकारच्या दोन्ही प्रतींत एकच दुर्मिळ चूक आहे. एवढंच असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण त्या चुकीच्या आजूबाजूचा मोठा भागही तंतोतंत सारखा आहे, आणि असे सारखे भाग इतरही ठिकाणी आहेत. दोन वेगळ्या घरांतल्या गोधड्यांत एकाच लुगड्याचे तुकडे निघावेत, तसं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलांत असं दिसतं.”

“मग कागद दुसऱ्याचा असेल.”

“आम्ही दोनदा पाहिलं. घरात कुणी दत्तक आलंय का?”

सुमंतराव हसले. आता त्यांना आवडता विषय मिळाला होता. त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी सुनेसमोर ही गोष्ट सांगायला त्यांना बंदी घातली होती, पण त्या आज घरी होत्या.

“दत्तक नाही, मी विकत घेतलेला आहे! माझ्या आईची मुलं जगत नव्हती. मग असं मूल जन्मलं की सुपात घालून परक्या बाईला देऊन टाकायचं आणि तिच्याकडून सूपभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं. देवाला वाटावं, हे हिचं नव्हेच. नजर लागू नये. माझी आई बाळंतपणाला राजूरला बहिणीकडे गेली होती. तिथंच माझा सौदा झाला. कोंड्याच्या भावात मिळालेला माणूस आहे मी.”

केदार कसनुसं हसला. मनवा हसली नाही. तिने पुढच्या टेबलाची कड घट्ट धरली होती.

सुमंतरावांना मात्र बोलता बोलता दुसरंच काही आठवलं. घरात साटंलोटं ठरलं होतं. मनवा या घरात आली तशी देवश्री, त्यांची धाकटी लेक, मनवाचा भाऊ सुश्रुत याला देऊ केलेली होती. साखरपुडा झाला होता, मांडवाची तारीख धरली होती.

“समजा,” ते म्हणाले, “नुसतं समजा हं. माझी मुलगी हिच्या भावाला द्यायची असेल तर?”

डॉक्टर अंजुमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मग आधी खरं नातं शोधा. या एका चुकीसाठी दोघांची तपासणी करता येईल. पण जवळच्या रक्तात अशा आणखी किती चुका लपलेल्या असतील, ते सगळं मला सांगता येणार नाही. मी असते तर थांबले असते.”

शनिवार असल्यामुळे घोडेगावच्या फाट्यावर शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या तुंबल्या होत्या. केदारने इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर ओंकार आईच्या खांद्यावर झोपला होता.

“बाबा,” मनवा म्हणाली, “राजूरला तुमची मावशी कुठे राहायची?”

“शाळेच्या मागं. मावसोबा तिथं मास्तर होते. पुढं बदली झाली त्यांची. का गं?”

“माझ्या आजीचं घर शाळेच्या मागंच आहे.” ती थांबली. मग एका दमात बोलून गेली. “आजी सांगायची, मास्तरांच्या बायकोची बहीण खालून, देशावरून, बाळंतपणाला आली होती. तिचं मूल जन्मतःच गेलं. रिकाम्या ओटीने परत गेली असती तर सासरच्यांनी तिला नांदवलं नसतं. आजीला त्याच आठवड्यात मुलगा झाला होता. आजी म्हणाली, मी तरणी आहे, मला होतील आणखी. सुपात घालून दिलं. बदल्यात कोंडा घेतला, म्हणजे लोकांनी विचारलंच तर नवसाचा सौदा म्हणून सांगता येईल.” 

“परत घेतलं असेल मग,” केदार म्हणाला.

“कुणी आणि कुणाला? त्यांचं मूल पुरलं होतं, केदार.”

पुढची गाडी हलली. मागून हॉर्न वाजू लागले. केदारला गिअर सापडेना.

“आजीला पुढं खूप वर्षांनी एक माझी आईच तेवढी झाली,” मनवा म्हणाली. “भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळते ना, तेव्हा आजी म्हणायची, तुला भाऊ आहे गं, सुपातून गेला. कुठल्या गावी गेला ते तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं नाही, अशी शपथ होती.”

सुमंतरावांना एकाएकी काहीच समजेनासं झालं. रोज सकाळी संध्येत आपण ज्या गोत्राचा उच्चार करतो ते आपल्या जन्माचं नाही, हे एक. पण ते तर अडुसष्ट वर्षांनी पचलंही असतं. विहीण म्हणून ज्यांना मानाची साडी नेसवली त्या जयाताई आपली सख्खी बहीण. सून म्हणून आणलेली ही पोर आपली भाची. आणि पत्रिका आपण पाहिली. सगळं पाहिलं आणि नेमकं हेच नाही. ते खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांना शेजारच्या ट्रकमधल्या कांद्याच्या गोण्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

घरी पोहोचल्यावर केदारने दमयंतीबाईंना बसवून घडलेलं सांगितलं. देवश्रीने सगळं उभ्यानेच ऐकलं. मग ती फोन घेऊन गच्चीवर गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे सुजले होते.

“सुश्रुत म्हणतोय, तू म्हणशील तसं. मला ओंकारसारखं मूल बघवणार नाही, बाबा. पण माझ्या तोंडून त्याला नाही म्हणवत नाही. जयाकाकू उद्या येताहेत. तुम्ही सांगा.”

आजवर पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं सुमंतरावांनी एका वाक्यात मोडली होती. त्यांनी होकाराची मान हलवली.

रविवारी सकाळी जयाताई संगमनेरहून आल्या त्या ओवाळणीचं ताट घेऊनच. चप्पल काढायचंही भान नव्हतं. सुमंतरावांना त्यांनी पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि निरांजनाने ओवाळलं.

“आजवरच्या सगळ्या भाऊबिजांना चंद्राला ओवाळलं मी,” त्या रडत-हसत म्हणाल्या. “मेल्याने कधी दमडी दिली नाही. आता तू द्यायचं, दादा.”

“माग,” सुमंतरावांच्या तोंडून निघून गेलं.

“मनवाने सांगितलं मला, तुम्हा सगळ्यांच्या मनात काय चाललंय ते. लग्न मोडू नकोस. अरे, हे तर देवानेच जुळवलं! देवश्री माझ्या सख्ख्या भावाची लेक. सुश्रुतच्या मामाची मुलगी. हक्काचीच झाली की! दुसरं काही नको मला.”

हे वाक्य सुमंतरावांचंच होतं. मामाची मुलगी हक्काची, बेलाशक करा, असं त्यांनी किती घरांत जाऊन सांगितलं होतं, दक्षिणा घेतली होती. नगरच्या त्या डॉक्टरबाईंना ‘तुमच्यात असेल तसं’ म्हणणारे आपणच. त्यांना लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

“बाबा,” दारातून देवश्री म्हणाली. “बोला ना.”

बोलली ती मनवा. ओंकारला कडेवर घेऊन ती आतून आली आणि तिने त्याला आईसमोर धरलं.

“आई, याला काखेत हात घालून धर. उभा धर. मी सांगेन तेव्हा सोड.”

जयाताईंनी ताट बाजूला ठेवलं आणि नातवाला धरलं. त्याचं सगळं वजन त्यांच्या हातांवर आलं. फरशीला टेकलेले पाय आपोआप दुमडले. ओंकारला हा खेळ वाटला, तो खिदळला. जयाताईही आधी हसल्या. मग त्यांनी मनवाकडे पाहिलं. सोड असं तिने अजून सांगितलं नव्हतं.

“मनवा, हात भरून आले गं माझे.”

“माझे रोज येतात,” मनवा म्हणाली. “आता माग काय मागायचं ते.”

जयाताईंनी पोराला मांडीवर ओढून घेतलं आणि त्याच्या बारीक पोटऱ्या पदराखाली झाकल्या.

“देवश्री मागू नकोस, जया,” सुमंतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्यांना नुसत्या नावाने हाक मारत होते. “बाकी काहीही माग.”

जयाताई कितीतरी वेळ ओंकारचे पाय चोळत राहिल्या. मग वर न बघताच म्हणाल्या,

“सुश्रुतला तूच सांग, दादा. मामा म्हणून सांग.”