जीभ धरणारं हाड

पाटलाच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध घोंगडीवर मांडीएवढं मातकट हाड आणि त्यामागे अस्थिनाथ महाराज. पावसाळ्यात पैनगंगेची दरड कोसळून हे हाड निघालं, तेव्हापासून महाराजांची चांदी होती.

"हा दैत्य मेला, पन त्याची भूक नाही मेली!" महाराज गरजले. "पाप्याची जीभ पकडते, पुन्यवानाची सोडते. आव बच्चा, लाव जीभ!"

गावात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, पोरं मरत होती. इंद्रभान पाटलांचा एकुलता एक मुलगा नुकताच गेला होता, आणि चेटूक कोणी केलं ते आता हे हाड सांगणार होतं. पाटलांनी जीभ लावली, सुटली. आणखी चौघांची सुटली. मग विधवा रंगूबाईला केस धरून पुढे ओढलं. महाराजांनी मंत्र पुटपुटत हाड फिरवलं आणि तिच्या तोंडावर दाबलं. जीभ चिकटली. त्यांनी हिसडा दिला, तसं कातडं निघून रक्त आलं.

"चेटकीन!"

पहिली काठी पाटलांची. दुसरीनं तिचं मनगट मोडलं. चेटकिणीचे दात पाडले की तिचा मंत्र चालत नाही म्हणे! कोणीतरी दगड आणला आणि दोन दात पाडलेही. हे सगळं देवाचं नाव घेत चाललं होतं. लिहितानाही माझं डोकं फिरतं.

गर्दीत मुसंडी मारून तिची पोटुशी सून अंजना आत आली. हाड उचलून तिनं जीभ लावली. चिकटली.

"पाहा, सूनही तशीच!" महाराज ओरडले.

अंजना बायकांकडे वळली. "काकू, डोहाळ्यात तुमी नव्या मडक्याचं खापर चाटलं नाही काय? ते चिकटत नाही जिभेले? मंग आपन साऱ्याच चेटकिनी?" बायका चपापल्या. तिनं हाड उलटं केलं. "पाटील चाटले ते अंग पाहा. किती गुळगुळीत हाय!"

रंगूबाईला वाचवायला मधे पडले म्हणून मार खाल्लेले शाळेचे शालिकराम मास्तर पुढे आले. त्यांनी त्या जागी नख ओढलं. नखात मेण आलं.

"दैत्य नाही हा. हत्तीच्या भावकीतलं जनावर होतं, हजारो वर्सांआधी खतम झालं. असं हाड म्या नागपूरच्या अजब बंगल्यात, तिथल्या संग्रहालयात, पाह्यलं. जुन्या हाडाले बारीक छिद्रं असतात, ते थुका ओढून चिकटते. या महाराजानं एका अंगाची छिद्रं मेनानं बुजवली. पाटील, आता या दुसऱ्या अंगाले जीभ लावा."

पाटलांनी लावली. चिकटली. त्यांनी ती स्वतःच ओढून सोडवली आणि रक्त थुंकले.

"अन् पटकी पान्यातून येते," मास्तर म्हणाले. "विहिरीत जंतू मारायचं लाल औषध टाकाले आलेल्या मानसाले तुमीच दगडं मारून हाकललं."

मग त्याच काठ्या महाराजांवर पडू लागल्या. ते धोतर सोडून रांगत होते. तेवढ्यात रंगूबाई मोडका हात छातीशी धरून उठली.

"थांबा! त्यानं खोटं सांगितलं. पन माह्या तोंडावर दगड कोनं मारला?"

काठ्या थांबल्या.

वाचकहो, भोंदू हातचलाखी करतो, पण काठी आपण उचलतो. ती उचलण्याआधी एक प्रश्न विचारा. विचारल्यानं कोणताही देव रागावत नाही.