हे संपल्यावर कुठे जायचं?

पार्वती आत्याचा निरोप धर्मेशने आणला. "लग्नाला येईन म्हणते. हळदीला नाही."

चांदणी स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होती. तिचा हात थांबला. धर्मेश तिचा मोठा भाऊ, काशीमीऱ्याला गॅरेज चालवतो; गाडीचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगतो. बहिणीचा चेहरा बघून तो पाणी प्यायला आत गेला.

काशीगावात कुणाही पोरीला हळद लागायची ती पार्वती आत्याच्या तोंडून. आत्या धवलारीण, लग्नविधींचे धवळे गाणारी. भटजी मागाहून यायचे, आत्या आधी यायची. मेढ रोवली की धवळा, जात्यावर हळद पडली की धवळा, पोरगी उंबरा ओलांडू लागली की धवळा. लहानपणी दुसऱ्यांच्या मांडवात आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून चांदणी ऐकायची, आणि ऐकता ऐकता मनात स्वतःच पाटावर बसायची. मग गेल्या वर्षी आत्याच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, आवाजही गेला. उरली ती सुपात तांदूळ घोळावेत तशी कुजबुज.

निरोप आला त्याच दिवशी चांदणी तिच्याकडे गेली.

"धवलारीन मुकी बसलेली बघाला बोलवता काय मना?" आत्या म्हणाली. मांडीवरच्या ताटातल्या शेंगा सोलत राहिली. "गावात ढीग गानी वाजतात. तुजा दादा लावंल डीजे."

"मला तुझाच धवळा पाहिजे, आत्या."

"माज्याकडे न्हाय आता तो."

म्हणजे कुणाकडे तरी आहे, असं चांदणीने मनात धरलं. इतक्या लग्नांत कॅमेरे फिरले होते. ती ओळखीच्या घरांतून जुन्या कॅसेटी, सीड्या मागत हिंडली. सगळीकडे एकच गत. चित्रात आत्याचे ओठ हलताहेत, हात फिरतोय, डोक्यावरचा पदर सरकतोय, आणि वर फोटोवाल्याने सिनेमाची गाणी चिकटवलेली. आत्या गात होती ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

सापडलं ते चेणे गावच्या दुर्गाकडे, तिच्या लग्नातलं. दुर्गाची मुलगी आता कॉलेजला जाते. "आमच्या फोटोवाल्याशी बाबांचं वाजलं," दुर्गा हसत म्हणाली. "त्याने रागाने कच्चीच टेप दिली. तेव्हा आई रडली होती, पोरीच्या लग्नाला गाणी पण नाय टाकली म्हणून." दुर्गाच्या दिराने ती टेप कधीतरी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली होती. चांदणीने पेनड्राइव्हवर आणली, घरी लावली, आणि आत्याचा भरलेला आवाज खोलीभर झाला. परशुराम, चांदणीचे वडील, आत्याचे भाऊ, बाहेरून आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले.

आत्याला फोनवर ऐकवायला गेली तर दुसऱ्याच ओळीला कुणाचा तरी फोन आला. "मदीच कोनीतरी बोलतं," म्हणत आत्याने तो परत दिला. तिच्या टीव्हीखाली मात्र डीव्हीडी प्लेअर होता, वरती क्रोशाचा रुमाल. त्याच्या रिमोटची बटणं तिला बोटांनी पाठ होती. चांदणी तेव्हाच ठरवून उठली.

भाईंदरला कोऱ्या डिस्क मागितल्या तर दुकानदार वर बघत म्हणाला, "बेन, ये अभी कौन लेता है?" आणि मागच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिल्या.

"डीव्हीडी?" धर्मेश म्हणाला. "बाबा, रुखवतात व्हीसीआर पण मांडू या."

"तू डिस्क लिहायचा ड्राइव्ह आणून दे. बोलू नको."

त्याने गोडाऊनवाल्या मित्राचा ड्राइव्ह आणून दिला. ऑफिसमधून आल्यावर चांदणी रोज लॅपटॉप घेऊन बसू लागली. धवळे तोडून वेगवेगळे करायचे, प्रत्येकाला बटण द्यायचं, डिस्क 'बर्न' करायची. एवढ्याशा कामाला किती सॉफ्टवेअर, आणि प्रत्येकाची वेगळी खोड. पहिलं फुकटचं होतं आणि नटवं. मेनूला फुगे, बदाम, उडती फुलपाखरं. "बदाम घे, बदाम," धर्मेश मागून म्हणाला. दुसरं आणखी देखणं, पण विकत घेतल्याशिवाय आपलं नाव पुसू देईना. आत्याच्या चेहऱ्यावर आडवा शिक्का. चांदणीने ते लगेच बंद केलं. तिसरं करड्या रंगाचं, सरकारी कचेरीसारखं. ना फूल ना पान. ते उघडून दोन मिनिटांत तिने मिटलं आणि फुलपाखरांवर डिस्क केली.

आत्याच्या घरी ती लावली. आत्याने एक नंबर दाबला. स्वतःचाच आवाज आला तसं तिने पाय वर घेतले आणि पदर सावरला, जशी मांडवात सावरायची.

*पाटावरी कोन बसली गो, कोन बसली?*
*दुर्गा बाय बसली गो, बापाची लाडकी.*

आत्याचा हात खाली आला. पाठोपाठ दुसरा धवळा आपणहून सुरू झाला, मग तिसरा. हळद अजून जात्यात पडली नव्हती आणि डिस्क पोरीला उंबऱ्यापर्यंत घेऊन निघाली होती. आत्याने टीव्ही बंद केला.

"उष्टी हलद चालते, पोरी. उष्टं नाव न्हाय चालत. ही दुर्गीची हलद हाय." मग थोडं थांबून, "आन् धवला असा पलत न्हाय. पानी यायचं असतं, मामी यायची असते. मी थांबायची तवा. तुजं मशीन कोनासाठी थांबतंय?"

परत येताना चांदणीला रिक्षात रडू आलं, आणि ट्रकांच्या धुरातून काशीमीरा ओलांडेपर्यंत ते आवरलंही नाही.

तिने दुर्गाचं नाव कापून बघितलं. नुसतं भोक पडलं. गाणं ठेच लागल्यासारखं पुढे पडायचं. नटवं सॉफ्टवेअर ते भोक फुलपाखरांनी भरत होतं, पण थांबत नव्हतं. एकामागून एक वाजवणं एवढंच त्याला ठाऊक. वैतागून तिने ते करडं तिसरं पुन्हा उघडलं, आणि या वेळी नीट वाचलं. प्रत्येक तुकड्याखाली ते एक गोष्ट विचारत होतं: हे संपल्यावर कुठे जायचं? पुढच्या तुकड्याकडे, पुन्हा याच तुकड्याकडे, की मेनूवर जाऊन थांबायचं?

चांदणी त्या ओळीकडे बघत राहिली. पाटावरी कोन बसली गो, कोन बसली? आत्याही विचारतच होती. हलद कोन दलते गो, कोन दलते? सगळा धवळा प्रश्नांनी गुंफलेला. उत्तरं तेवढी दुर्गाच्या घरची होती.

तिने उत्तरं सगळी कापली. एकेक प्रश्न एकेका बटणावर ठेवला, आणि प्रत्येकाखाली निवडलं: मेनूवर जाऊन थांबायचं. मेनूला टेपमधलंच एक चित्र लावलं. तरुण आत्या, भुवई उचललेली, पुढच्या बाईच्या तोंडाकडे बघणारी.

आत्याने नवी डिस्क लावली. एक दाबलं. *कोन बसली?* आणि टीव्ही गप्प. पडद्यावरची आत्या वाट बघत राहिली, सोफ्यावरची आत्याही.

"मंग जबाब कोन देनार?"

"बायका देतील."

"येतो त्यांना?"

"तू समोर बसलीस तर येईल."

आत्याने डिस्क काढली, पदराने पुसली, डब्यात ठेवली. "रिमोट माज्या हातात ऱ्हाईल," ती म्हणाली. "धर्मेशला सांग, मदी हात घालाचा न्हाय."

हळदीच्या दुपारी मांडवात स्टुलावर टीव्ही आला, खाली आत्याचा प्लेअर. डीजेवाला आपल्या पेट्यांवर बसून चहा पीत होता. चांदणी पाटावर बसली. शेजारी आत्या, हिरव्या लुगड्यात, मांडीवर रिमोट.

तिने एक दाबलं.

*पाटावरी कोन बसली गो, कोन बसली?*

आवाज थांबला. मांडवही थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धर्मेशच्या बायकोने, इशिताने, फोन वर धरला होता. तो हळूच खाली आला. कुणीतरी मागून म्हणालं, "अटकला वाटतं." आत्या टीव्हीकडे बघतच नव्हती. ती बायकांकडे बघत होती, भुवई उचलून, पडद्यावरच्यासारखी.

मग चेण्याची दुर्गा पुढे सरकली. लेकीचा हात सोडून, घसा खाकरून, जरा बेसूरच:

*चांदणी बाय बसली गो, बापाची लाडकी.*

परशुराम मांडवाची दोरी आधीच घट्ट असताना पुन्हा आवळायला गेले.

आत्याने दोन दाबलं. *हलद कोन दलते गो, कोन दलते?* या वेळी चार आवाज आले. *मामी बाय दलते गो, कांकनं वाजती.* मामी लाजली आणि तिने जातं जोरात फिरवलं. तिसऱ्याला इशिताही होती; तिला शब्द येत नव्हते, नुसतं 'गो' तेवढं ती वेळेवर म्हणायची, आणि बायका हसायच्या. पाणी यायला उशीर झाला तेव्हा आत्या थांबली. बटण दाबलंच नाही. तर बायकांनी आपणच विचारलं: *पानी कोन आनते गो, कोन आनते?* उत्तरही आपणच दिलं, मग काकूचं नाव घेतलं, मग आत्याचं.

स्वतःचं नाव ऐकून आत्याने रिमोट मांडीखाली सारला. तिचा हात वर आला आणि हवेत ताल धरू लागला. ओठ हलत होते. चांदणी तिच्या इतकी जवळ होती की तिला ती कुजबुजही ऐकू येत होती, सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे, पुढचं नाव सांगणारी.

स्टुलावरच्या टीव्हीने बराच वेळ वाट बघितली. मग चित्र मावळलं, आणि प्लेअरचं छोटंसं चिन्ह काळ्या पडद्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एकटंच फिरत राहिलं. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. हळद ओली झाली होती, आणि आत्याने पहिलं बोट त्यात बुडवलं.