लाल तार जाड खुंटीला

पद्मिनीचं लग्न झालं ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. मांडवात लाउडस्पीकर मधेच बंद पडला, म्हणून नवरीचा बाप देवाजी पाहायला उठला. तेवढ्यात सरपंच अमृतराव मोठ्यानं म्हणाले, "देवाजी, हात नको लावू रे बाबा! गावचा रेडिओ तुह्या हातानं मेला, आता पोरीच्या लग्नाचा भोंगा बी मारतं काय?"

मांडव हसला. नवे व्याहीही हसले. देवाजी होता तिथंच बसला.

हसला नाही तो पद्मिनीचा थोरला भाऊ उद्धव. आदिलाबादच्या रेडिओ केंद्रात तो इंजिनिअर होता. पगार चांगला, पण स्कूटर घेतली नाही. दरसाल दसऱ्याला सायकलनं नागपूरच्या दीक्षाभूमीवर जायचा. दोन दिवस जायला, दोन यायला. एरवी रविवारी खेडोपाडी हिंडून जुने रेडिओ शोधायचा. गावात पहिला सेट कोणी आणला, कोण कुठं बसून ऐकायचं, सगळं वहीत उतरवायचा. साठ गावांचे रेडिओ त्या वहीत होते. तलमडुगूजवळचं त्याचं स्वतःचं गाव तेवढं नव्हतं. त्या पानावर बापाचं नाव कसं लिहावं, हेच त्याला कळत नव्हतं.

गावात रेडिओ आला तेव्हा वीज नव्हती. सेट बॅटरीवर चालायचा आणि दर पंधरा दिवसांनी बॅटरी आदिलाबादेहून भरून आणावी लागायची. ते काम देवाजीचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी, पायी जायचं, पायी यायचं. बॅटरीतून सांडणाऱ्या तेजाबानं सदऱ्याची चाळण व्हायची. पण बॅटरी न्यायची ती चावडीच्या पायरीपर्यंतच. वर चढून तारा जोडायचे ते दुसरे. तीन वर्षं असं चाललं. बासष्ट साली एका संध्याकाळी सेटमधून धूर निघाला. देवाजीनं बॅटरीत काहीतरी कालवलं, असं ठरलं. काम गेलं, आणि पुढं सव्वीस वर्षं 'रेडिओमाऱ्या' हे नाव राहिलं.

लग्नाच्या आठव्या दिवशी उद्धव सरपंचांकडे गेला. "काका, तो सेट द्या. दुरुस्त करून आणतो."

"न्या की! पंधरा ऑगस्टला वाजवू. तुमच्या बापानं मारला, तुमी जिता करा," अमृतराव हसले.

खोलीवर आणून उद्धवनं सेट उघडला. आतला माल जळाला होता, पण त्याची नजर अडली ती तारांच्या टोकांवर. बॅटरीची अधिक खुंटी जाड असते, उणे खुंटी बारीक. म्हणून लाल तारेची कडी मोठी असते, काळीची लहान. इथं काळी कडी पकडीनं फाकवली होती आणि लाल कडी हातोडीनं चेपली होती. तारा उलट्या बसेनात, तर कोणीतरी जोर लावून बसवल्या होत्या. उद्धवनं जळालेला माल बदलला. कड्यांना हात लावला नाही.

पंधरा ऑगस्टला त्यानं सायकलच्या कॅरिअरला भरलेली बॅटरी बांधली. सेट आदल्या दिवशीच बसनं पोचला होता. बॅटरी मात्र त्याला बापाच्याच वाटेनं न्यायची होती. चढावर ती डुचमळली, तेजाबानं पँटला दोन भोकं पडली.

चावडीपुढं गाव जमलं होतं. उद्धवनं बॅटरी पायरीवर ठेवली.

"आत आणा ना साहेब, जोडा," अमृतराव म्हणाले.

"मी नाही जोडणार. बाबा जोडतील."

"पुन्हा मारायचा हाय काय?"

उद्धवनं सेटच्या तारा बाहेर ओढून दोन्ही कड्या वर धरल्या, सगळ्यांना दिसतील अशा. "काका, ही फाकवली कोणी? ही चेपली कोणी? बॅटरी तर इथं पायरीवर होती, अन् माझा बाप बी इथंच होता."

"झालं गेलं. कायले उकरून राह्यले? जोडत असान तर जोडा, नाही तर राहू द्या बंद!"

"राहू द्या. मग बंद का राहिला ते मी वहीत लिहीन."

देवाजी हळूच म्हणाला, "उद्धवा, जाऊ दे बाप्पा."

"बाबा, त्या दिवशी तुमी काय बोलले होते?"

देवाजी पायरीपाशी आला. मग खालूनच म्हणाला, "मी ओरडलो होतो, लाल जाडीले लावा, काळी बारकीले. तर हे म्हणे, तू मले शिकवतं काय बे?" आणि त्यानं अमृतरावांकडे बोट केलं. ते बोट सव्वीस वर्षांनी उचललं होतं.

अमृतरावांनी मान फिरवली. त्यांनी बाजूला सरकून वाट मात्र दिली नाही. देवाजीनं बॅटरी उचलली आणि त्यांना वळसा घालून तीन पायऱ्या चढला. कड्या दगडानं ठोकून सरळ केल्या, तारा जोडल्या, बटण फिरवलं.

काहीच नाही. "पाहा!" अमृतराव म्हणाले.

"आत काचेचे दिवे हायेत, ते तापले का बोलते," देवाजी वळून न पाहता बोलला. मग घरघर आली, आणि घरघरीतून माणसाचा आवाज.

सेटजवळ सरपंचांसाठी खुर्ची मांडली होती. देवाजी तिच्यावर बसला. ऊठ म्हणायची छाती कोणाची झाली नाही. बातम्या संपेपर्यंत अमृतराव उभेच होते.

उद्धवनं वहीत एकसष्टावं गाव लिहिलं: बॅटरी आणणारा, देवाजी. तारा उलट्या जोडणारे, अमृतराव.

अमृतराव नव्वद साली दिवाळीत वारले. देवाजी त्याच्या पुढच्या वर्षी, एक्क्याण्णवच्या डिसेंबरात, सकाळच्या बातम्यांच्या आधी वारला.