घरचा पहिला गिअरबॉक्स

मृणालला सकाळपासून हसू काही आवरत नव्हतं. आज तिचा गिअरबॉक्स भार घेऊन, लोडवर चालणार होता. गोविंदपुऱ्यातल्या चांदेकरांच्या कारखान्यात आजवर किती गिअरबॉक्स आले, उघडले आणि दुरुस्त होऊन गेले, पण ते सगळे लोकांचे. स्वतः आखून इथेच घडवलेला हा पहिला.

त्यावर बाबांची, म्हणजे अच्युतरावांची, अट होती. तेलाचा एक थेंब जरी बाहेर आला तरी नवा माल बनवायचं खूळ कायमचं बंद, आपली दुरुस्तीच बरी. कौतुक करायला जणू त्यांना टॅक्स पडायचा. ड्रॉइंग दाखवलं तेव्हा ते ‘हं’ म्हणाले होते, गिअर कापून आले तेव्हाही ‘हं’. दोन्ही ‘हं’मध्ये काही फरक आहे का, हे मृणाल बरेच दिवस ताडून पाहत होती.

अकराच्या सुमारास मंडीदीपहून दुबेजी आले. त्यांच्या सोयाबीनच्या प्लांटमधल्या एका पट्ट्यासाठी त्यांना हा बॉक्स हवा होता. कालच दसरा झालेला, त्यामुळे खंडेनवमीला आईने केलेल्या पूजेची झेंडूची माळ अजून बॉक्सवर होती. माळ आपणहून सुकेपर्यंत काढायची नाही, ही चांदेकरांच्या घरची रीत. दुबेजींनीही तिला हात लावून कपाळाशी नेला.

एवढासा डबा माल भरलेला पट्टा ओढेल का, अशी शंका त्यांनी काढली, आणि मृणालला तेच हवं होतं. बॉक्सच्या एका बाजूला मोटर जोडायचा दांडा होता, दुसऱ्या बाजूला पट्टा फिरवणारा. पट्ट्याकडचा दांडा तिने दुबेजींना दोन्ही हातांनी आवळून धरायला लावला. मग मोटरकडचा दांडा तिने नुसत्या बोटांनी फिरवायला सुरुवात केली. तिचा दांडा भराभर फिरत होता, दुबेजींचा मुंगीच्या गतीने, पण थांबायचं नाव घेत नव्हता. दुबेजी लालबुंद झाले, त्यांचे बूट फरशीवर सरकले आणि शेवटी हात सुटले.

मृणालची जीभ आता सैल सुटली. आत लहान गिअर मोठ्याला फिरवतो, असे एकामागे एक टप्पे. लहानग्याने पुष्कळ फेरे मारावे तेव्हा थोरल्याचा एक होतो. वेग जेवढ्या पटीने उतरतो, जोर जवळजवळ तेवढ्या पटीने चढतो. श्यामला हिल्सचा चढ सायकलने चढताना आपण हेच करतो, पाय भराभर चालतात आणि सायकल हळू. बाबा कोपऱ्यात नट-बोल्टचे पाने पुसत होते.

मोटर सुरू झाली, पट्ट्याकडच्या दांड्याला ब्रेक लावून लोड चढवला. आवाज इतका गोड, एकसारखा होता, की मृणालला नाचावंसं वाटलं. तासाभरात बॉक्स चांगलाच तापला, तापायचाच होता. आणि मग दांड्याच्या मुळाशी तेल चमकलं. एक थेंब ओघळला, त्यामागे दुसरा.

“सील गेलं,” बाबा म्हणाले आणि बंद करायला स्विचकडे निघाले.

 दांड्याभोवती तेल अडवणारं ते रबरी सील नवं होतं, दांड्याचं माप मृणालने स्वतः पुन्हापुन्हा घेतलं होतं. ती खाली वाकली. तेल झिरपत नव्हतं, आतून कोणी ढकलावं तसं बुडबुड्यांसकट बाहेर येत होतं. तापलेली हवा फुगते, तिला वर ब्रीदरच्या बारीक भोकांतून वाट असते. वाट मिळाली नाही तर ती तेलालाच पुढे घालते. पण ब्रीदर तर तिने नवाकोरा बसवला होता!

मोटर थांबताच रीतभात बाजूला ठेवून तिने माळ उचलली. खाली ब्रीदरच्या टोपीवर शेंदराचा जाडजूड टिळा होता. एकूण एक भोक बुजलेलं. तिने पान्याने टोपी जरा सैल केली, आणि आतली हवा सुस्सकन सुटली. मृणाल मोठ्याने हसली. तिच्या गिअरबॉक्सला काहीएक झालं नव्हतं, त्याचं नाक दाबलं गेलं होतं!

टोपी डिझेलने धुतली, भोकं तारेने मोकळी केली, बॉक्स पुन्हा लोडवर घेतला. डबे उघडून जेवणं झाली, ऊन दारातून सरकलं. बॉक्स तसाच तापला, पण दांडा कोरडाच राहिला. दुबेजी फोनवर आपल्या साहेबांना सांगत होते, “मशीन बढ़िया है, भेज रहे हैं.”

“आईला सांगायला हवं,” मृणाल म्हणाली, “टिळा जरा बाजूला लावत जा म्हणून.”

“तिला कशाला?” बाबा म्हणाले. “तिने समोर बारीक बोट लावलं होतं. सगळे गेल्यावर हा मी लावला.” ते ब्रीदरकडेच बघत होते. “इतकी वर्षं लोकांच्याच मशीन उघडल्या. घरची ही पहिली. हातून जरा जास्तच लागला.”

 मृणालचे डोळे भरून आले. बाबांनी अंगठा पँटला पुसला.

“पुढच्याला कुठे लावायचा,” ते म्हणाले, “ते आधी दाखवून ठेव.”