जुनीच गोळी

ताईच्या कानात बोलणारी माणसं एका गोळीनं गप्प झाली आणि माझी थोरली बहीण मला उतारवयात परत मिळाली. पण त्या गोळीनं भूक वाढली, अंग सुटलं, रक्तातली साखर चढली. चार पायऱ्यांत धाप लागू लागली.

"चालायला हवं," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. लोक बघतात म्हणून ताई रस्त्यावर येईना. मग जेवणाच्या टेबलाभोवती आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"पुस्तक्या, तू पुढे हो. तुझं टक्कल बघत चालते."

"त्यानं साखर उतरते?"

"नाही रे, करमणूक होते."

साखर उतरलीच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे हृदयावर जाईल. गोळी हळूहळू बदलू या."

"आणि ते आवाज परत आले तर?" ताईनं मला विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणालो. एरवी दुकानदारानं माप कमी भरलं तरी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या दिवशी कसा फुटला, कोण जाणे.

पुढच्या तपासणीला सिस्टर खूश. "आजोबा, वजन उतरलं, साखरही उतरली! काय जादू केलीत?"

ताई लांबच्या खुर्चीत पिशवी छातीशी धरून बसली होती. मी डॉक्टरबाईंच्या टेबलाकडे वाकून हळू आवाजात सांगितलं, "ती जेवतच नाही. मी अन्नात विष कालवतो, असं तिला कुणीतरी सांगतं."

सिस्टरांचं हसू मावळलं. डॉक्टरबाईंनी ताईला जवळ बोलावलं. "जुनी गोळी पुन्हा देता येईल, पण हृदयाचा धोका राहील. तुम्हाला काय हवंय?"

"आधी याला बाहेर काढा," ताई म्हणाली.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. सोबत आणलेलं पुस्तक उघडलं, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ.

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. "त्या जुनीच मागतायत. धोका पुन्हा समजावला. तरी म्हणाल्या, त्या गोळीवर भाऊ चांगला वागायचा."

मी मान हलवली.

"फक्त सध्या तुमच्या हातून घेणार नाहीत. रोज इथे आणाल?"

"आणीन," मी म्हणालो. तिच्या हृदयाबद्दल विचारायचं होतं. जीभ उचलली नाही.